शर्मिलाच्या वाटणीला काय

भक्ती आणि दिव्या एकाच वेळी शिंकल्या आणि पडवीत हशा पिकला.

"बघलास मां वहिनी," सुभद्रा म्हणाली, "शिंक पण आमच्याच घराण्याची."

शर्मिलाही पोट धरून हसली. सकाळपासून तिच्या अंगात वारं शिरलं होतं. जुळ्यांचा अभ्यास करणाऱ्या संचिता मॅडम थेट पुण्याहून वालावलला तिच्या घरी आल्या होत्या. अशी जोडी त्यांना सहजासहजी मिळत नव्हती. दोघी सुभद्राच्याच पोटच्या, पण दिव्या आईजवळ शिरोड्याला वाढली आणि भक्तीला बारशाआधीच मामा-मामीनं, म्हणजे शर्मिला आणि तिच्या नवऱ्यानं, इकडे आणलं. माणसाला रक्तातून काय मिळतं आणि घरातून काय, हे मॅडमना पाहायचं होतं.

शर्मिलाला तरी दुसरं काय पाहायचं होतं? मॅडमनी दोघींची नाकं मोजली, सारखी. उंची सारखी. गोडाला नाक मुरडणं सारखं, चिडल्यावर कान लाल होणं सारखं. प्रत्येक वेळी शर्मिला सगळ्यांच्या आधी टाळ्या पिटत होती आणि मनातल्या मनात नारायणाला विनवत होती, देवा, माझं म्हणून एवढंसं तरी काही निघू दे.

"आता रोजचं एखादं काम करताना पाहू या," मॅडम म्हणाल्या.

आमटीसाठी नारळ खवायचेच होते. दोन विळ्या मांडल्या, दोघी शेजारी शेजारी बसल्या, मॅडमनी मोबाइल रोखला. दोघींच्या माना एकाच बाजूला कलल्या. सुभद्राला हसू आवरेना. शर्मिलाचा जीव मात्र टांगणीला लागला.

"भक्ती, उजव्या हाताचं पहिलं बोट असं ताठ वर का धरलंयस?" मॅडमनी विचारलं. "दिव्या तर धरत नाही."

भक्तीनं बोटाकडे पाहिलं, जणू ते आत्ताच फुटलं होतं. तिनं ते दुमडून पाहिलं, सहज दुमडलं. पुन्हा खवायला लागली तर बोट पुन्हा वर.

"खवताना असाच धरतत ना?" ती म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा शर्मिलाकडे वळल्या. लग्नाआधी शेंगटी माशाचा काटा रुतून तिचं तेच बोट चिघळलं होतं, ते पुढे कधी वाकलंच नाही. नारळ खवताना ते असंच वर राहायचं, आणि भक्ती रांगत होती तेव्हापासून तिच्यासमोर बसून ते पाहत आली होती.

"अगो वहिनी," सुभद्रा हळूच म्हणाली, "ह्या मात्र आमच्या घराण्यातला न्हय."

शर्मिलाला आनंदानं रडू फुटायचंच बाकी होतं. इतकी वर्षं कुणी फोटो काढायला लागलं की ती तो हात पदराखाली घ्यायची. आज तिनं तो सरळ मोबाइलसमोर धरला.

"मॅडम, नीट जवळसून घेवा," ती म्हणाली. "भक्ती माझ्यावर गेली हा."