बोळक्यातली दाढ

गोखरू हा पाळीव हेजहॉग अंगाचा चेंडू करून बसला होता, काही केल्या तोंड दाखवेना. शेवटी डॉक्टर शलाकांनी एकाला होणारं दुसऱ्याला जाणवून देणाऱ्या पट्ट्यांची जोडी काढली; एक पट्टी त्याच्या काट्यांना लावली आणि दुसरी त्याच्या मालकाच्या, निमकर आजोबांच्या, कपाळाला.

आजोबा कळवळले. "उजवीकडे, खाली! मागच्या दोन दाढांत काहीतरी रुतलंय!"

त्यांच्या स्वतःच्या बोळक्यात कित्येक वर्षांत एकही दात नव्हता.

गोखरूला भूल दिली, तशी आजोबांनाही पेंग आली. डॉक्टरांनी शेंगेचं टरफल अलगद उपसून काढलं.

जागा होताच गोखरूने डॉक्टरांनी पुढे केलेला नाकतोडा कुडुमकुडुम चावला. आजोबांच्या तोंडात जणू फुटाणे फुटले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"झालं, आजोबा. पट्टी काढू?"

आजोबांनी हात जोडले. "थांबा हो, डॉक्टर. त्याला अजून एक द्या."