डावी गिटार

महेंद्रदादा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं जेवून परतली. "रडून घे गं," चुलती भामाबाई म्हणाली, "असं दगडागत बसू नगं." स्वप्नाला काहीच वाटत नव्हतं. तिने दादाचा वॉकमन उचलला. आत दोन ब्लूज गिटारवादकांच्या जुगलबंदीची कॅसेट होती, दादाने कराडच्या हॉस्टेलवर पाठ केलेली. एसटीत दोघं इअरफोन वाटून घ्यायची. एक गिटार डाव्या कानात वाजायची, दुसरी उजव्यात. दादा डावी सोडायचा नाही. "माझा गडी लय भारी हाय. तुझा तूच ऐक." तिची गिटार थांबली, की ती त्याची डोलणारी मान बघायची. आज पहिल्यांदाच तिने दोन्ही गिटारी एकटीने ऐकल्या. अवघड सूर सगळे उजवीकडेच होते. डावी गिटार ठेका धरून होती, उजवी थांबली की तिची जागा राखत होती. स्वप्नाने उजवा इअरफोन काढून कॅसेट पहिल्यापासून लावली.