डावीकडची गादी

“अंग सांगतं टेपला, प्रश्न नको गं ओठाला,” तिला शिवण शिकवताना आई गुणगुणायची. म्हणून माप घेताना शाळेतल्या बाईंची डावी बाजू सपाट लागली, तेव्हा तिनं काही विचारलं नाही. त्या बाजूला गुपचूप कापसाची गादी घालून ब्लाउज शिवला. अकरा वर्षं तसेच शिवत आली.

आता केमोनं तिच्या स्वतःच्या छातीतली गाठ आटून वाटाण्याएवढी झाली होती. नुसती गाठ काढायची की सगळा स्तन, सोमवारपर्यंत ठरवा, असं डॉक्टर म्हणाले होते.

बाई माप द्यायला आल्या. त्यांच्या छातीभोवती टेप थांबली आणि आईचा शब्द तिनं पहिल्यांदाच मोडला.

“बाई, रागावू नका. पण काढल्यावर कसं असतं हो? कुशीवर झोपता येतं? हात वर जातो? आणि आरशात?”

तिच्या डोक्यावरच्या रुमालाकडे बघत बाई हसल्या. “विचारलंस एकदाचं! बस, सगळं सांगते. पण आधी माझी चोरी कबूल करते. तू घातलेली गादी मी घरी गेल्या गेल्या उसवून टाकते. अकरा वर्षं झाली. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही गं.”