गरम इंजिन

"दोन महिने या इंजिनाला हात लावला नाही," दत्ताराम तांडेल जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले.

जुनी होडी विकत घ्यायला आलेल्या मंजुळेनं इंजिनाचं झाकण उघडलं आणि आत हात लावला. लोखंड चांगलंच गरम होतं. सकाळचे सातच वाजले होते, ऊन अजून खाडीवर उतरलं नव्हतं.

"काका, हे मघाशीच चालवलंय. कसला बिघाड लपवताय?"

तांडेल तिच्याकडे बघतच नव्हते. ते बघत होते धक्क्यावर उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे. तिनं सगळं ऐकलं होतं. ती खाली उतरली आणि तिनंही इंजिनाला हात लावून पाहिला.

"हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी यांचा समुद्र बंद केलाय," ती मंजुळेला म्हणाली. "रोज पहाटे देवळात जातो, असं मला सांगतात."

तांडेलांनी मान खाली घातली.

मंजुळेनं दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. त्यात काहीच खोट नव्हती.

"बाय, पैशांचं मागनं बघू," तांडेलीण म्हणाली. "होडी आत्ताच घेऊन जा."

धक्क्याला बांधलेला दोर तांडेलांनीच सोडला.