धोतऱ्याचा अंडाशय

वसमतच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं. ज्योतीनं घरामागची धोतऱ्याची फुलं सगळ्यांसाठी आणली होती.

"निदलपुंज, दलपुंज, पुंकेसर काढून ठेवा," शीतल मॅडम म्हणाल्या. "आता अंडाशय आडवा कापा."

ज्योतीचं ब्लेड आत कशावर तरी करकरलं. बीजांडांच्या जागी इवलासा दुधाचा दात होता. मुळाशी ओलं रक्त होतं.

"मॅडम, हे बीजांड न्हाई."

मॅडम वाकून पाहत होत्या, तेवढ्यात ज्योतीचा फोन वाजला. आई रडत होती.

"ज्योते, तुझ्या भावाच्या तोंडातून रगत येऊन राहिलं. खेळता खेळता दात गेला, अन् कुठंच सापडंना."

"थांबा, कापू नका!" ज्योती ओरडली.

तोवर मागच्या टेबलावर ब्लेड करकरलं, आणि फोनमध्ये लेकरू किंचाळलं.