आईच्या नावाची वाटी

ओट्यावर पंचवीस लिंबं, एक वाटी मीठ, अर्धी वाटी तिखट आणि बाबांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण होतं. आई गेल्यावर त्यांनी मला एकट्यानं कसं वाढवलं, त्याचं ते पुस्तक. छापायला जाण्याआधी मी वाचून काढत होते.

“बाबा, ‘तिच्या हातची चव मी लेकीला देऊ शकलो नाही,’ हे वाक्य खोडा ना.”

“कसं खोडू? दरवर्षी तिच्याच मापानं लोणचं घालतो, पंचवीस लिंबांना एक वाटी मीठ. दरवर्षी खारट होतं. तोंड वाकडं तूच करतेस!”

“आईची वाटी हीच का?”

“नाही गं. तिच्या वाटीवर तिचं नाव कोरलेलं. रोज हातात घेववेना, म्हणून फोटोपुढे ठेवली.”

मी ती वाटी आणली, मिठानं काठोकाठ भरली आणि वजनकाटा काढला.

“अगं, वाटीसारखी वाटी,” बाबा म्हणाले, “त्यात काय वेगळं असणार?”

ओट्यावरच्या वाटीतलं मीठ दोनशे सेहेचाळीस ग्रॅम भरलं. आईच्या वाटीतलं एकशे अठ्ठ्याहत्तर.