चारशे बारावी ओळ

मॅनेजरने अर्जातली जन्मतारीख वाचली आणि पुढचं वाचायचं सोडून दिलं.

"काकू, इथे सगळी पंचविशीतली पोरं आहेत. नुसती सळसळतात. तुम्हाला झेपेल?"

"बघू की," काकू चष्मा पुसत म्हणाल्या.

कटवायचं म्हणून त्याने कंपनीच्या मुख्य प्रोग्रॅमची प्रत कॉम्प्युटरवर उघडून त्यांच्यासमोर ठेवली. तो वर्षानुवर्षं रडतखडत चालायचा आणि त्याचं दुखणं काही कुणाला सापडत नव्हतं.

"हवं ते बदला. फक्त चारशे बाराव्या ओळीला हात लावू नका. ती कशासाठी आहे ते कुणालाच माहीत नाही, पण शेजारी 'काढाल तर याद राखा' असं लिहिलंय. आम्ही तिला लांबूनच बघतो."

काकूंनी तीच ओळ काढली. मॅनेजरने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा प्रोग्रॅम वाऱ्यासारखा पळत होता, आणि ती सगळी सळसळती पोरं दारात आ वासून उभी होती.

"उद्यापासूनच या," मॅनेजर कसाबसा म्हणाला. "पण तुम्हाला भीती नाही वाटली?"

"कसली भीती? मीच लिहिली होती ती, चोविसाव्या वर्षी," काकू म्हणाल्या. "उत्साहाच्या भरात."